पहिला लांबचा विमानप्रवास आणि परवडणारी एअरलाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत घरातली, शेजारातली आणि ओळखीतली बरीच तिकिटं मी काढून दिली. कुणाची आई लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली, कुणाचा मुलगा एमएस करायला, कुणी मेलबर्नला नातवाच्या मुंजीला. मी एजंट नाही, पुण्यात नोकरी करते. पण प्रश्न दरवेळी तेच असतात आणि रात्री अकराला फोनवर उत्तरं देताना काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून इथे सगळं नीट लिहून ठेवते आहे. बहुतेक उदाहरणं मुंबईहून निघणाऱ्या प्रवासाची आहेत.

सगळ्यात स्वस्त एअरलाइन कोणती?

असं एकच नाव सांगता येत नाही. भाडं मार्गावर, तारखेवर आणि त्या विमानात किती जागा उरल्या आहेत त्यावर ठरतं. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. कुठे शोधायचं ते मात्र सांगता येतं.

युरोप-अमेरिकेकडे जायचं असेल तर आधी आखाती कंपन्या बघा: दुबईमार्गे एमिरेट्स, अबू धाबीमार्गे एतिहाद, दोहामार्गे कतार एअरवेज. त्यांच्यापेक्षा कमी भाडं बऱ्याचदा कुवेत एअरवेज, गल्फ एअर किंवा सौदियाचं निघतं. इस्तंबूलमार्गे टर्किश आणि अदिस अबाबामार्गे इथिओपियन याही बघण्यासारख्या. लुफ्तान्सा, स्विस, एअर फ्रान्स, केएलएम, ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिक या युरोपीय कंपन्या एरवी महाग वाटतात, पण गर्दी नसलेल्या महिन्यांत त्यांचे दर चांगलेच खाली येतात. एअर इंडियाची थेट विमानं आहेत, आणि जुलै २०२५मध्ये इंडिगोनेही मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला मोठी विमानं सुरू केली. ऑस्ट्रेलियाकडे निघालात तर सिंगापूर एअरलाइन्स, मलेशिया एअरलाइन्स, थाई, श्रीलंकन आणि व्हिएतनाम एअरलाइन्स एकमेकांशेजारी ठेवून बघा.

आखाती कंपन्यांना स्वस्तात विकणं परवडतं ते त्यांच्या जागेमुळे. मुंबईहून दुबई तीन-साडेतीन तासांवर. मुंबई, कोची, ढाका, कोलंबो अशा कितीतरी शहरांतली माणसं तिथे गोळा होतात आणि मोठ्या विमानात एकत्र बसून पुढे जातात. विमान भरलेलं राहतं, म्हणून भाडं खाली ठेवता येतं.

पण पहिल्या प्रवासाला माझी अट एकच असते: एकच तिकीट, एकच थांबा, बॅगा थेट शेवटच्या गावापर्यंत. या तीन गोष्टी ज्यात बसतात त्यातलं सगळ्यात कमी भाडं घ्यायचं. यात न बसणारं तिकीट दहा-बारा हजारांनी स्वस्त असलं तरी मी ते घेत नाही.

पण स्क्रीनवर तर त्याहून खूप कमी भाडी दिसतात. ती का सोडायची?

सोडू नका, पूर्ण हिशेब करा. आकडे समजुतीपुरते घेते. समजा, अमेरिकेचं जाऊन-येऊन एक तिकीट ६८,००० रुपयांना आहे आणि त्यात एकच बॅग नेता येते. दुसरं ७९,००० रुपयांना, त्यात दोन बॅगा. पहिल्यात दुसऱ्या बॅगेचे जाताना ९,००० आणि येताना ९,००० भरले की झाले ८६,०००. शिवाय त्यात रात्रीचा अकरा तासांचा थांबा असला तर खाणंपिणं वेगळं, आणि साठीतल्या माणसाची पाठ दोन दिवस धरलेली राहते ते वेगळंच.

म्हणून कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: भाडं, सामानाचे जादा पैसे, सीटचे पैसे, आणि घरापासून विमानतळापर्यंत जायला-यायला लागणारी गाडी. चारही मिळवून जो आकडा येईल तोच खरा. भाड्याच्या नावापुढे 'लाइट', 'बेसिक', 'स्पेशल' असा शब्द दिसला की आत काय कापलंय ते उघडून वाचा. बहुतेक वेळा बॅग, तारीख बदलण्याची सोय किंवा रिफंड यांपैकी काहीतरी काढलेलं असतं.

'एकच तिकीट' म्हणजे नक्की काय? दोन वेगळी काढली तर बिघडतं कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मुंबई ते शिकागो सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असेल, तर पहिलं विमान उशिरा पोहोचून पुढचं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी एअरलाइनची. बॅगा मुंबईत दिल्या की शिकागोच्या चिठ्ठ्या लागतात. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास बहुतेक वेळा मुंबईतच हातात मिळतात.

दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास केला तर यातलं काहीच मिळत नाही. मधल्या विमानतळावर इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी करून बाहेर पडायचं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा. पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहायचं. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं आणि दुसरं निघून गेलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने घ्यावं लागतं.

तिकिटांच्या काही वेबसाइट अशी जोडलेली तिकिटं स्वतःहून दाखवतात आणि बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' लिहितात. हे दोन शब्द दिसले की पुढे सरका. सराईत प्रवाशाने हवं तर घ्यावं, पहिल्यांदा निघालेल्या माणसाला ते देऊ नये.

१६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत विक्रमी पाऊस झाला आणि विमानतळाचं वेळापत्रक कित्येक दिवस कोलमडलं. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली आणि दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडे उतरली. अशा वेळी एकच पीएनआर असलेल्या माणसालाही त्रास होतोच. पण त्याच्यासाठी धावपळ करायला एक कंपनी बांधील असते.

थेट विमान घ्यावं की थांबा असलेलं?

मुंबई ते लंडन थेट गेलात तर साधारण नऊ-दहा तास, न्यूयॉर्कला पंधरा-सोळा. पंधरा तास सलग बसणं सगळ्यांना जमत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना, वारंवार लघवीला जावं लागणाऱ्यांना मध्ये पाय मोकळे करायला मिळालेले बरे वाटतात. उलट, ज्यांना विमानतळावर रस्ता शोधण्याचीच धास्ती आहे, त्यांच्यासाठी पंधरा हजार जास्त देऊन थेट जाणं चांगलं. माझ्या आईच्या पहिल्या वेळी आम्ही थेट तिकीट काढलं, दुसऱ्या वेळी तिने स्वतःच दोहामार्गे काढायला सांगितलं.

एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांच्या पश्चिमेकडच्या काही विमानांना वळसा पडू लागला. त्यामुळे तुलना करताना जुन्या आठवणीतले तास धरू नका, तिकिटावरचे वाचा.

मधल्या थांब्याला किती वेळ असावा?

अडीच ते चार तास. कंपनी सव्वा तासाचं कनेक्शनही विकते आणि नियमात ते बसतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सिक्युरिटीची रांग, लांब चालणं आणि बदललेलं गेट यातच तेवढा वेळ जातो. इस्तंबूलचं नवं विमानतळ अवाढव्य आहे. दुबईत एमिरेट्सचं टर्मिनल ३ म्हणजे एकामागे एक पसरलेल्या इमारती, एका भागातून दुसऱ्या भागात ट्रेनने जावं लागू शकतं. चार तासांहून जास्त थांबा असेल तर काचेपलीकडची विमानं बघण्यापलीकडे काही उरत नाही आणि थकवा चढतो.

दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, व्हॉइस नोट जाते, पण कॉल सहसा लागत नाही. हे आधी सांगून ठेवा. नाहीतर तिकडे आई "फोनच लागत नाही" म्हणून घाबरते आणि इकडे आपण.

ट्रान्झिट व्हिसा लागतो का?

एकाच तिकिटावर दुबई, अबू धाबी, दोहा, इस्तंबूल, सिंगापूर इथे विमानतळाच्या आतच विमान बदलणार असाल तर सर्वसाधारणपणे लागत नाही. युरोपातले काही देश मात्र भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायलाही एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा मागत आले आहेत. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा चालू व्हिसा असेल तर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, त्यातून सूट आहे. ब्रिटनमध्येही अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या व्हिसावर अशीच सूट मिळते. हे नियम बदलत राहतात. त्यामुळे तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर त्याच दिवशी वाचून घ्या.

अमेरिकेमार्गे दुसऱ्या देशात जायचं असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत 'आतल्या आत' विमान बदलणं असा प्रकार नाही. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाला इमिग्रेशन करावंच लागतं, म्हणजे व्हिसाही हवाच. कॅनडाला निघालेल्यांनी न्यूयॉर्कमार्गे तिकीट काढताना हे जरूर आठवावं.

अमेरिकेत उतरून पुढे दुसऱ्या शहरात जायचंय. तिथे काय होतं?

ज्या अमेरिकी शहरात पहिल्यांदा पाय टेकतो, तिथेच इमिग्रेशन. बॅगांना शेवटच्या शहराची चिठ्ठी असली तरी सर्वसाधारणपणे त्या पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि बाहेर पडताच असलेल्या काउंटरवर परत द्यायच्या. चिठ्ठी बघून बरीच माणसं बॅग न घेता पुढे जातात आणि मग ती बॅग मागेच राहते. या थांब्याला तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका.

एतिहादने अबू धाबीमार्गे गेलात तर एक वेगळी सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं, २०१४ पासून. अमेरिकेत उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखे थेट बाहेर. इंग्रजीत प्रश्नोत्तरं होतील म्हणून धास्तावलेल्या आई-बाबांना हे बरं पडतं. त्यासाठी अबू धाबीत मात्र निवांत वेळ हवा, कारण रांग लांब असते.

सामान किती नेता येतं? आणि खाण्याचे पदार्थ?

अमेरिका आणि कॅनडाला बहुतेक कंपन्या बॅगा मोजतात: २३-२३ किलोच्या दोन, स्वस्त भाड्यात एकच. युरोप-ऑस्ट्रेलियाकडे काही कंपन्या एकूण वजन धरतात, २५ किंवा ३० किलो असं. फरक लक्षात घ्या. २३ किलोच्या दोन बॅगांची मुभा असताना एक २७ आणि एक १९ किलोची केलीत, तर एकूण ४६ भरूनही पहिल्या बॅगेचा दंड लागतो. ३२ किलोच्या वर तर एक बॅग सहसा कुणीच घेत नाही. विमानात सोबत न्यायची हँडबॅग एमिरेट्स, कतार, एतिहाद, सिंगापूर, एअर इंडिया यांच्याकडे इकॉनॉमीत ७ किलो, लुफ्तान्सा आणि टर्किशकडे ८ किलो. घरी वजनकाटा नसेल तर रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणा, तो या कामाला उत्तम.

आता फराळ. चकली, शंकरपाळी, चिवडा, बेसनाचे लाडू यांना एरवी अडचण येत नाही. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं सामान आहे का, असं विचारलं तर 'हो' सांगायचं आणि दाखवायचं. लपवलं तर दंड होतो. मांस, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊच नका. ऑस्ट्रेलिया तर याबाबत फारच कडक आहे.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरातल्या तीन गोष्टी हमखास अडकतात. सुकं खोबरं: त्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही मालात धरलं जातं आणि वाट्या बाहेर काढून ठेवायला लागतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, हळद: अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात हँडबॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर तपासणीत अडवतात, म्हणून ती काउंटरवर द्यायच्या चेक-इन बॅगेतच घाला. आणि खसखस: यूएईत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, तिच्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. दुबई किंवा अबू धाबीला जाणार असाल, तिथे बाहेर पडणार असाल किंवा नुसतं विमान बदलणार असाल, तरी खसखशीची पुडी घरीच ठेवा. खसखस लावलेले अनारसेसुद्धा मी देत नाही. हँडबॅगेत पातळ पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच चालतात, त्या नियमात लोणचं आणि तूप अडकतं. बरणीचं झाकण टेपने बंद करून, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवा.

औषधं मात्र कायम हँडबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. पॉवर बँकही हँडबॅगेतच. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५पासून विमानात ती वापरायला मनाई केली आहे, सोबत बाळगता येते.

तिकिटावर नाव कसं लिहायचं?

पासपोर्टवर आहे तसं, अक्षरन् अक्षर. महाराष्ट्रात इथेच गोंधळ होतो, कारण आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तीन पदरी लिहितो. पासपोर्टवर दोनच रकाने असतात: आडनाव आणि दिलेलं नाव. 'सुनीता रमेश' हे दोन्ही शब्द दिलेल्या नावाच्या रकान्यात असतील तर तिकिटावरही दोन्ही त्याच रकान्यात. 'रमेश' मधल्या नावाच्या रकान्यात टाकू नका, गाळूही नका. तिकीट हातात आल्यावर त्यावर 'सुनीतारमेश' असं सलग छापलेलं दिसेल, पुढे 'मिसेस' चिकटलेलं. त्याने घाबरू नका, तिकिटाच्या छपाईत मधली जागा निघून जाते.

लग्नानंतर आधार कार्डावर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरं अशी स्थिती असेल तर पासपोर्टच खरा. व्हिसाही त्याच नावावर. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांनी तिकीट काढण्याआधी एअरलाइनला फोन करावा. पासपोर्टवर सगळं मिळून एकाच शब्दाचं नाव असेल तर यूएई नोव्हेंबर २०२२पासून पर्यटक म्हणून सहसा प्रवेश देत नाही. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली हवी, हेही याच वेळी बघून घ्या.

रात्री बारानंतरचं विमान असेल तर कोणत्या तारखेला निघायचं?

मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर '१२ मे, ००:४०' असेल तर ११ मेच्या रात्री नऊला तुम्ही विमानतळावर हवं. माझे मामा १२ तारखेला दिवसभर निवांत बॅगा भरत होते. संध्याकाळी मामींनी सहज तिकीट बघायला मागितलं तेव्हा विमान सुटून अठरा तास झाले होते. तेव्हापासून मी तिकीट काढून दिलं की फ्रिजवर लावायला वेगळा कागद देते. त्यावर फक्त एवढंच: "रविवारी दुपारी तीन वाजता घरातून निघणे." विमानाची वेळ त्या कागदावर लिहीतच नाही.

पुणे, नागपूर, कोल्हापूर, गोव्याहून निघणाऱ्यांनी काय करावं?

आपल्या शहरातून दुबई, दोहा, अबू धाबीला विमान आहे का ते आधी बघा. असेल तर तिथूनच पुढचं एकत्र तिकीट किती पडतं ते तपासा. गोव्यात शोधताना दाबोळी आणि मोपा ही दोन्ही विमानतळं टाका. मुंबईचं तिकीट चार हजारांनी स्वस्त दिसतं, पण गाडीभाडं, टोल आणि सोडायला येणाऱ्यांचा परतीचा प्रवास मिळवला की फरक उरत नाही.

गावातून आधी दिल्ली किंवा मुंबईला देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर तेही त्याच पीएनआरवर घ्या. आणि रस्त्याने मुंबईला येणार असाल तर पावसाळ्यात पुण्याहून किमान सात तास हातात ठेवा. घाटात दरड कोसळली की रांग किती लांब लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. तिथे तीन-साडेतीन तास आधी पोहोचा. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, मग विनवण्या करून उपयोग नसतो.

तिकीट कधी आणि कुठून काढावं?

लांबच्या प्रवासाला दोन ते पाच महिने आधी. ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॉलेजं सुरू होतात, तेव्हा जाणारी भाडी चढतात. मे-जून, दिवाळीच्या आसपासचे दिवस आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा हेही महाग. व्हिसा आलेला नसेल तर पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

शोधायला गुगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर वापरा. महिन्याचं कॅलेंडर उघडलं की कोणता वार स्वस्त ते लगेच दिसतं. काढताना मात्र एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवर काढा, पाचशे-हजार जास्त पडले तरी. तारीख बदलायची वेळ आली की तिसऱ्या वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटाला एअरलाइन हात लावत नाही आणि त्या वेबसाइटचा फोन कुणी उचलत नाही, हे मी दोनदा अनुभवलं आहे. ओळखीचा, गावातला एजंट असेल तर गोष्ट वेगळी. अडचणीच्या रात्री तो फोन उचलतो, आणि त्याचे दोन पैसे त्याला जरूर मिळावेत. एकच सांगा, पीएनआर एअरलाइनच्या वेबसाइटवर टाकल्यावर दिसला पाहिजे.

अमेरिकेला जाणारं किंवा तिथून निघणारं तिकीट थेट एअरलाइनकडून, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलं, तर तिथल्या नियमानुसार २४ तासांत फुकट रद्द करण्याची किंवा पैसे न भरता भाडं तेवढा वेळ राखून ठेवण्याची सोय कंपनीला द्यावी लागते. नावात चूक झाली तर हा एक दिवस फार कामाला येतो.

नवी, फारच स्वस्त कंपनी दिसली. घ्यावी का?

वाव एअर ही आइसलँडची कंपनी डिसेंबर २०१८मध्ये दिल्लीत आली, अतिशय कमी भाड्यात अमेरिकेपर्यंत नेण्याची जाहिरात करत. पुढच्याच महिन्यात दिल्लीची विमानं थांबली आणि २८ मार्च २०१९ रोजी कंपनीच बंद पडली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ एप्रिलला, आपली जेट एअरवेज जमिनीवर आली. मे २०२३मध्ये गो फर्स्ट थांबली. म्हणजे नवी काय आणि जुनी काय, बुडते तेव्हा आगाऊ काढलेल्या तिकिटांचे पैसे अडकतात. म्हणून सात-आठ महिने आधी तिकीट काढत असाल तर क्रेडिट कार्डाने काढा, बँकेकडे दाद मागता येते.

स्कूट, एअरएशिया एक्ससारख्या लांब पल्ल्याच्या स्वस्त कंपन्या व्यवस्थित चालतात. पण मूळ भाड्यात बॅग, जेवण, सीट काहीच धरलेलं नसतं. तरुण माणूस एक सॅक घेऊन निघाला तर छान. आजी-आजोबांसाठी नाही.

विमान रद्द झालं किंवा खूप उशीर झाला तर भरपाई मिळते?

युरोपचा नियम प्रवाशांच्या बाजूचा आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. युरोपकडे येताना मात्र फक्त युरोपीय संघातल्या कंपन्यांना. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्साने गेलात तर लागू, एअर इंडियाने गेलात तर नाही, पण फ्रँकफर्टहून परत येताना दोन्हींना लागू. दोष कंपनीचा असेल आणि उशीर मोठा असेल तर ३,५०० किलोमीटरवरच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत मिळू शकतात. वादळ, युद्ध, हवाई हद्द बंद, अशा कारणांना पैसे नाहीत. जेवण आणि राहण्याची सोय मात्र तेव्हाही करावी लागते. दोन तिकिटं सारख्याच भावाची असतील तर मी यामुळे युरोपीय कंपनीकडे झुकते.

शाकाहारी जेवणाचं काय?

तिकीट काढतानाच, उशिरात उशिरा २४ ते ४८ तास आधी, 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा. 'हिंदू मील' निवडू नका. त्यात गोमांस आणि डुकराचं मांस नसतं, पण चिकन, मटण असू शकतं. शाकाहारी समजून ते मागवलेली बरीच माणसं उपाशी राहिली आहेत. जैन आणि मधुमेही जेवण वेगळं मिळतं. तरी पिशवीत दशम्या आणि कोरडी चटणी असू द्या.

आई-बाबा एकटेच जाणार आहेत, इंग्रजी येत नाही. कसं जमेल?

जमतं. व्हीलचेअर मागा, चालता येत असलं तरी लांब अंतर आणि पायऱ्या झेपत नसतील तर संकोच करू नका. बुकिंगच्या वेळीच नोंदवा, ४८ तास आधी फोन करून खात्री करा. व्हीलचेअरला सहसा पैसे लागत नाहीत. ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून पुढच्या गेटपर्यंत नेतो. दुबई, दोहात तो बहुधा हिंदी समजणारा असतो.

आईला मी पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड करून दिलं होतं. एका बाजूला मराठीत: कुठे उतरायचं, तिथून काय, कुणाला भेटायचं. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत तिचं नाव, पुढचं विमान, "मला मराठी आणि हिंदी येते, कृपया मला या गेटला पोहोचवा", आणि भावाचा पत्ता-फोन. भोक पाडून सुतळीने पर्सला बांधलं होतं. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने तिच्याकडून ते मागून घेतलं, वाचलं, आणि दुभाषी बोलावला. दुभाषी मागणं यात काही वावगं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

दोहात चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरलेली असू द्या: दिव्याखाली बसलेलं ते भलंमोठं पिवळं अस्वल. ते कुणालाही विचारलं तरी दाखवतात.

विमा घ्यायचाच का?

घ्या. अमेरिकेत दवाखान्याची एक रात्र आपल्या तिकिटाच्या कित्येक पट असू शकते. शेंगेन व्हिसाला तर किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच. जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते शब्दशः वाचा.

विद्यार्थ्यांना वेगळी सवलत असते?

असते. एअर इंडिया, इंडिगो, एमिरेट्स, कतार अशा कंपन्या विद्यार्थ्यांना कमी भाडं किंवा जादा बॅग देतात. कॉलेजचं पत्र किंवा ओळखपत्र काउंटरवर मागतात, छापून न्या.

तिकीट निघालं. आता काय बघत राहायचं?

दर दोन आठवड्यांनी पीएनआर टाकून वेळा तपासा, त्या बदलतात आणि मेल स्पॅममध्ये जातो. थांबा दोन तासांच्या खाली आला तर लगेच फोन करून बदलून मागा, बदल कंपनीने केला असेल तर पैसे लागत नाहीत. निघायच्या दिवशी फ्लाइटरडार२४ या उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या वेबसाइटवर विमानाचा क्रमांक टाकून ठेवा. आईच्या वेळी आम्ही सगळे तो पिवळा ठिपका बघत जागलो होतो. समुद्रावर तो काही वेळ दिसेनासा होतो, त्याने घाबरायचं नाही. विमान उतरल्यावर बाहेर यायला दीड-दोन तास लागतात. आईचा फोन आला तेव्हा इकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते, आणि पहिलं वाक्य होतं, "लाडू मोडले नाहीत गं."